गोळी चालू आहे का?

सकाळचे साडेसात. कासारवाडी स्टेशनातून लोणावळा लोकल सुटलीय, आणि हायवेलगतच्या या छोट्या लॅबमधलं बाकडं भरलंय. माझ्या शेजारचा तिशीतला तरुण चाकणची रात्रपाळी संपवून थेट इथे आलाय. अंगावर अजून कंपनीचा शर्ट. काळ्या पिशवीतली डबी तो मांडीआड धरून बसलाय.

त्याचा नंबर येतो. टेक्निशियन ताई चिठ्ठी वाचतात. एच. पायलोरी या पोटातल्या जंतूसाठी शौचाची तपासणी. डबी घेण्याआधीच विचारतात, "दादा, ॲसिडिटीची गोळी चालू आहे का?"

"रोज सकाळी एक. आजही घेतलीय. मेडिकलमधून आणतो, दोन वर्षं झाली."

ताई डबी घेत नाहीत. त्या गोळीनं जंतू मरत नाहीत, पण इतके कमी होतात की तपासणीत सापडत नाहीत. रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि दुखणं पोटातच राहतं. "डॉक्टरांशी बोलून गोळी १४ दिवस बंद ठेवा. अँटिबायोटिक घेतलं असेल, तर ४ आठवडे थांबा."

"मग जळजळ?"

"तोवर पातळ औषध चालतं का, ते डॉक्टरांना विचारा."

"रक्तातून नाही कळत?"

"जंतू गेल्यावरही रक्तात त्याची खूण राहते. आत्ता आहे की नाही, ते त्यातून कळत नाही."

तो पुटपुटतो, "मला वाटलं तिखटामुळे, नाइटमुळे असेल."

त्याचं काय चुकलं? अल्सरचं खापर एकेकाळी जगभरचे डॉक्टरही ताणावर आणि खाण्यावरच फोडत होते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये वॉरन आणि मार्शल हे डॉक्टर अल्सरमागचा हा जंतू प्रयोगशाळेतल्या बश्यांत वाढवू पाहत होते, तेव्हा त्या बश्या दोन दिवसांत टाकून दिल्या जात. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे त्या पाच दिवस तशाच राहिल्या आणि जंतू उगवला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तीन दिवस जास्त मिळाले, एवढंच.

तरुण मोबाइलमध्ये तारखा मोजतोय. ताई चिठ्ठीच्या मागे गोळीचं नाव आणि '१४ दिवस' असं ठळक लिहून देतात. सकाळच्या एवढ्या गर्दीत त्यांनी या माणसाला दिलेली ही पाच मिनिटं मला रिपोर्टइतकीच मोलाची वाटतात.

प्रत्येक काउंटरवर हा प्रश्न विचारला जाईलच असं नाही. म्हणून पोटाच्या तपासणीला जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या आणि कुणी विचारायच्या आधीच पुढे ठेवा.