घराची पिशवी भरली, दुकानाची भरली का?

21 मार्च 2024 ची सकाळ आठवतीय का? सहा वाजून गेले होते अन् हिंगोली-नांदेड पट्ट्यात जमीन हलली. 4.5 तीव्रतेचा धक्का, थोड्याच मिनिटांत दुसरा. जुलैत परत एक. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 ला तर पहाटेचे 3.56 झाले होते, लोक गणपती विसर्जन करून झोपलेले. शिवाय आपल्या हदगावला दर पावसाळ्यात इसापूरच्या पाण्याकडं डोळे लावून बसावं लागतं, पैनगंगाकाठच्यांना विचारा.

घराच्या पिशवीचं सोपं आहे. टॉर्च (सेल बाहेर काढून ठेवा, आत ठेवले की गळतात), शिट्टी, ओआरएस, रोजची औषधं, काडेपेटी, चिवडा-बिस्किटं, बाळ असेल तर त्याचं सामान. पाण्याचा मात्र हिशोब करा. माणशी दिवसाला 3 लिटर धरलं तर चौघांचं तीन दिवसांचं 36 लिटर होतं. ते कोण उचलणार? दोन बाटल्या अन् क्लोरीनची बाटली ठेवा, बस्स.

आता खरा मुद्दा. किराणा असो की कटलरी, आपला अर्धा धंदा उधारीच्या वहीत असतो. माल भिजला तर परत भरता येतो, वही भिजली तर कोणाकडं किती राहिले हे कोण सांगणार? गिऱ्हाईक कितीही चांगलं असलं तरी आकडा त्याला पण आठवत नसतो. म्हणून रोज शटर ओढायच्या आधी वहीच्या पानाचा फोटो काढून घरच्या दुसऱ्या फोनवर पाठवा. दोन मिनिटं लागतात.

महिन्याला एकदा रॅकचे फोटो काढा, खरेदीची बिलं स्कॅन करा. पंचनामा असो की विमा, हेच मागतात. ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून आहे, एका ठिकाणची 5 कोटींपर्यंतची मालमत्ता असेल तर घेता येते, अन् पूर-भूकंप दोन्ही त्यात येतात. पण मालाचा पुरावा तुम्हालाच द्यावा लागतो. आधार-पॅन डिजिलॉकरमध्ये असलं तरी लाईट गेल्यावर फोन किती टिकणार? झेरॉक्स अन् उद्यम प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोबत पॉवर बँक, थोडी सुट्टी रोकड, अन् कागदावर लिहिलेले नंबर: 112, 108, जिल्हा नियंत्रण कक्ष 1077.

बिस्किटं मृगाच्या आधी बदला. जुनी चहासोबत संपवा, दुकानात परत लावू नका.