कान्तेले: पाच तारांवरच्या सुरावटींचा मागोवा

कान्तेले हे फिनलंड आणि त्याला लागून असलेल्या कारेलियाचे पारंपरिक तंतुवाद्य. मांडीवर किंवा टेबलावर आडवे ठेवून ते बोटांनी छेडतात. रचनेने ते आपल्या स्वरमंडळाच्या जवळचे, आकाराने मात्र बरेच लहान. एस्टोनियातले कान्नेल, लाटवियातले कोक्ले आणि लिथुआनियातले कान्क्लेस ही त्याची भावंडे. जुन्या कान्तेलेला पाचच तारा असत. आजच्या मैफिलीच्या कान्तेलेला 39 पर्यंत असतात. या वाद्यासाठी सोप्या सुरावटी रचणे आणि त्या एकमेकांना देणे ही परंपरा गेल्या दोनशे वर्षांत कानावरून कागदावर, कागदावरून शाळेत आणि शाळेतून संगणकावर आली. प्रत्येक टप्प्यावर देण्याघेण्याची रीत बदलली आणि रीतीबरोबर 'सुरावट' या शब्दाचा अर्थही थोडाथोडा बदलत गेला.

या संगीताचा सोपेपणा वाद्याच्या घडणीतूनच येतो. जुने कान्तेले पाइन, स्प्रूस किंवा आल्डरच्या एकाच लाकडातून कोरून काढत. एका टोकाला लाकडी खुंट्या आणि दुसऱ्या टोकाला धातूची आडवी सळई, या दोहोंमध्ये तारा ताणलेल्या असतात. सतारीला किंवा तंबोऱ्याला असते तशी घोडी इथे नसते. तार सळईला वळसा घालून गाठीने बांधलेली असते. या गाठीमुळे तारेची कंप पावणारी लांबी आडव्या आणि उभ्या दिशेला किंचित वेगळी पडते. त्यातून स्वर मंद लहरत राहतो. तारा दाबून ठेवणारी यंत्रणा नसल्यामुळे आधीचा स्वर विरण्यापूर्वीच पुढचा त्यात मिसळतो. म्हणून पाच तारांवर दोनतीन स्वर छेडले तरी नाद भरलेला वाटतो आणि रचनाकाराला स्वरांची गर्दी करावी लागत नाही.

पाच तारा साधारणपणे सा, रे, ग, म, प अशा लावतात. गांधार कधी शुद्ध असतो, कधी कोमल. जुने कारेलियन वादक पुष्कळदा तो या दोहोंच्या मध्येच कुठेतरी ठेवत. पाच स्वरांचा हा पट्टा तिथल्या जुन्या रूनो गायनाचाही पट्टा आहे. रूनो गीताच्या ओळीत आठ अक्षरे येतात आणि अनेक चालींत शेवटची दोन लांबवतात: सहा अर्ध्या मात्रांची आणि दोन पूर्ण मात्रांची, मिळून पाच मात्रा. गाणाऱ्याच्या गळ्यातली ओळ जशीच्या तशी पाच तारांवर उतरत असे, त्यामुळे गाणे येणाऱ्याला वाजवायला वेगळे शिक्षण लागत नसे. मूल घरातल्या मोठ्यांचे वाजवणे पाहायचे, ऐकायचे आणि वाद्य मांडीवर घ्यायचे.

या संगीताची बाहेरच्या जगाला ओळख करून देणाऱ्या पहिल्या लेखकांत इटालियन प्रवासी जुझेप्पे आचेर्बी येतो. 1799 मध्ये तो स्वीडन आणि फिनलंडमधून उत्तरेकडे गेला आणि 1802 मध्ये लंडनला त्याचे प्रवासवर्णन छापून आले. त्यात पाच तारांच्या या वाद्याचे वर्णन आहे आणि रूनोची चाल स्वरलिपीत दिली आहे. आचेर्बी स्वतः हौशी संगीतकार होता. वाद्याच्या मर्यादेचे त्याला नवल वाटले. त्यानंतर आले एलियास ल्योनरोट. पेशाने वैद्य असलेल्या ल्योनरोटांनी गावोगाव फिरून गीते गोळा केली आणि 1835 मध्ये 'कालेवाला' हे महाकाव्य सिद्ध केले. त्याची वाढवलेली आवृत्ती 1849 मध्ये निघाली. वृद्ध गायक वैनामोइनेन प्रचंड पाइक माशाच्या जबड्यापासून कान्तेले घडवतो, ही त्यातली कथा. पहिले वाद्य पाण्यात हरवल्यावर तो बर्च झाडाचे दुसरे करतो. ल्योनरोट स्वतः कान्तेले वाजवत आणि बनवतही. त्यांच्या भावगीतसंग्रहाचे 'कान्तेलेतार' हे नावही याच वाद्यावरून आले. महाकाव्याने कान्तेलेला राष्ट्रीय प्रतीकाचे स्थान दिले. मात्र शहरातल्या वाचकाने वाद्याचे चित्र पाहिलेले असे, नाद क्वचितच ऐकलेला असे.

तो नाद शहरात नेणाऱ्यांत क्रेता हापासालो (1813–1893) यांचे नाव पहिले. पश्चिमेकडच्या काउस्तिनेन भागातल्या या शेतकरी बाईने मोठ्या कुटुंबाचे पोट भरण्यासाठी 1850 च्या दशकापासून गावोगाव आणि शहरांत कार्यक्रम केले. चित्रकार आर. डब्ल्यू. एकमान यांनी 1868 मध्ये त्यांना झोपडीत कान्तेले वाजवताना रंगवले. त्यांचे वाद्य पाच तारांचे नव्हते. एकोणिसाव्या शतकात पोल्का, वॉल्ट्झ आणि भजनांच्या नव्या चाली गावात आल्या, त्या पाच स्वरांत मावेनात. म्हणून तारा वाढल्या, लाकूड कोरण्याऐवजी फळ्या जोडून पेटी करण्याची पद्धत आली आणि पोलादी तारा वापरात आल्या. क्रेता आपली गाणी स्वतः बांधत आणि गात. ऐकणारा ती पाठ करून पुढे नेई. रचना आणि प्रसार ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या अंगावर असल्याचे हे ठळक उदाहरण.

विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्वेकडे, लाडोगा सरोवराच्या भोवतालच्या कारेलियात, पाच तारांचे आणि थोड्या अधिक तारांचे जुने वाद्य अजून जिवंत होते. आर्मास ओट्टो वैसानेन (1890–1969) या संशोधकाने 1910 च्या दशकात तिथे फिरून वादकांना ऐकले, त्यांची छायाचित्रे काढली, मेणाच्या नळकांड्यांवर त्यांचे वादन मुद्रित केले आणि स्वतः वाजवायला शिकून घेतले. सुइस्तामोचे अंध वादक तेप्पाना यानिस यांचे वादन त्यामुळे आजही ऐकता येते. वैसानेन यांनी जमवलेल्या कान्तेले आणि योउहिक्को (गजाने वाजवायचे वाद्य) यांच्या सुरावटी 1928 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. पुढच्या जवळजवळ सगळ्या पुनरुज्जीवनाचा पाया हे पुस्तक.

या कामात एक अडचण मुळातच होती. कारेलियन वादकाकडे ठरलेल्या लांबीची 'रचना' नसे. एक छोटा स्वरसमूह तो पुन्हापुन्हा घोळवी, दर फेरीत एखादा स्वर बदली, लय थोडी हलवी आणि हवे तितका वेळ चालू ठेवी. नाचाची चाल असो की मठाच्या घंटांची नक्कल, प्रत्येकाची आवृत्ती निराळी. आपण 'आपलीच शक्ती' वाजवतो, अशा अर्थाचा शब्दप्रयोग या वादकांत होता. वादक स्वतःतच बुडून जाई, त्या अवस्थेला वैसानेन यांनी शांत तल्लीनता म्हटले. कागदावर यातल्या काही फेऱ्याच उतरल्या. पुस्तकातून शिकणाऱ्याच्या हाती त्यामुळे धून आली, ती फिरवत नेण्याची रीत मात्र आली नाही.

1928 या वर्षाला आणखी एक संदर्भ आहे. फिनलंडमधल्या संगीतकारांचे हक्क सांभाळणारी 'तेओस्तो' ही संस्था त्याच वर्षी स्थापन झाली. एकीकडे कोणा एकाच्या नावावर नसलेल्या सुरावटींचे पुस्तक, दुसरीकडे प्रत्येक रचनेला मालक असतो हे गृहीत धरणारी व्यवस्था. लोकसंगीताच्या देवघेवीत हे दोन्ही विचार पुढे शेजारी शेजारी राहिले. मूळ पारंपरिक धून सर्वांची. तिच्यावर एखाद्याने बांधलेली नवी मांडणी मात्र त्याची, असा तोडगा रूढ झाला.

त्याच दशकात पाउल साल्मिनेन (1887–1949) यांनी कान्तेलेला तरफांची यंत्रणा बसवली. तरफ फिरवली की एका नावाचे सगळे स्वर अर्ध्या स्वराने चढतात किंवा उतरतात, जवळपास हार्पच्या पायपट्ट्यांसारखे. मैफिलीचे कान्तेले यातून उभे राहिले आणि त्यासाठी शास्त्रीय रचना लिहिल्या जाऊ लागल्या. संगीतकार जाँ सिबेलियस यांनी त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, कान्तेलेसाठी काही अगदी छोटे तुकडे लिहिले होते. मोठ्या वाद्याची प्रतिष्ठा वाढत गेली तसे पाच तारांचे कान्तेले मागे पडले. दुसऱ्या महायुद्धात सुइस्तामोसह लाडोगा कारेलिया सोव्हिएत संघाकडे गेला आणि चार लाखांहून अधिक लोकांना घरे सोडून फिनलंडच्या इतर भागांत जावे लागले. ज्या गावांत हे वादन कानावरून कानावर जात होते, ती गावेच विखुरली.

परतीची वाट 1960 आणि 70 च्या दशकांत सुरू झाली. 1968 मध्ये काउस्तिनेनला लोकसंगीत महोत्सव सुरू झाला, 1974 मध्ये तिथेच लोकसंगीत संस्था उभी राहिली. मार्त्ती पोकेला (1924–2007) यांनी मोठ्या आणि लहान दोन्ही कान्तेलेसाठी नव्या रचना केल्या, कुटुंबीयांसह त्या वाजवल्या आणि सिबेलियस अकादमी या संगीतविद्यालयात लोकसंगीत शिकवायला सुरुवात केली. 1975 मध्ये पिइरपाउके या बँडने कोनेवित्साच्या घंटांची धून विजेच्या वाद्यांवर वाजवून तरुणांपर्यंत पोचवली. कोनेवित्सा हे लाडोगा सरोवरातले बेट; तिथल्या मठाच्या घंटांची नक्कल करणारी ही कान्तेलेची जुनी चाल. थोडक्या स्वरांत बसणारी आणि फिरत राहणारी असल्यामुळेच ती एका वाद्यावरून दुसऱ्यावर इतक्या सहज गेली.

पाच तारांच्या वाद्याला खरी गती मिळाली ती 1980 च्या दशकात. 1983 मध्ये सिबेलियस अकादमीत स्वतंत्र लोकसंगीत विभाग सुरू झाला आणि त्याची सूत्रे हेइक्की लाइतिनेन यांच्याकडे आली. 1985 मध्ये 'कालेवाला'ची दीडशे वर्षे साजरी झाली, त्या निमित्ताने शाळांचे लक्ष या वाद्याकडे वळले. लाइतिनेन आणि हान्नु साहा यांनी पाच तारांच्या वादनाची मार्गदर्शिका लिहिली. वाद्य स्वस्त, हलके आणि मुलांनी हस्तकलेच्या तासाला स्वतः जोडता येईल असे. वर्गातल्या सगळ्यांना एकाच वेळी देता येई. वर्गाला स्वरलिपी येत नसली तरी अडत नसे, कारण तारांना क्रमांक दिले की सुरावट आकड्यांत लिहिता येते.

या पद्धतीत वादनाचे दोन प्रकार शिकवले जातात. पहिला छेडण्याचा: दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवून प्रत्येक तारेला एक बोट ठरवून द्यायचे. दुसरा झाकण्याचा: डाव्या हाताच्या बोटांनी नको त्या तारा हलकेच दाबून धरायच्या आणि उजव्या हाताने सगळ्या तारांवरून एकदम फिरायचे. खालच्या स्वरापासून तारांना 1 ते 5 क्रमांक दिले, तर 2 आणि 4 झाकल्यावर सा-ग-प हा घरचा स्वरमेळ उरतो. 1 आणि 3 झाकल्यावर रे-म-प उरतो आणि पुन्हा घरी परतण्याची ओढ लावतो. एवढ्या दोन स्वरमेळांवर मुलांची पुष्कळ गाणी निभावतात.

नवी सुरावट रचण्याचा पहिला धडाही याच आकड्यांतून दिला जातो. रूनोच्या मापाची एक ओळ घ्यावी: 1 1 3 3 5 4, आणि मग लांबवलेले 3, 1. म्हणजे सा सा ग ग प म, ग–, सा–. तिला उत्तर म्हणून दुसरी ओळ: 5 4 3 2 3 4, आणि लांबवलेले 2, 1. पहिली ओळ सा वरून चढून परत येते, दुसरी प वरून खाली उतरते. दोन्ही मिळून गाणे झाले. आता दर फेरीत एकच स्वर बदलायचा, किंवा तिसरी तार थोडी उतरवून गांधार कोमल करायचा: तीच धून वेगळ्या रंगात ऐकू येते. ज्याला हे जमले त्याच्यात आणि सुइस्तामोच्या जुन्या वादकात कौशल्याचे अंतर मोठे असले, तरी काम करण्याची पद्धत एकच आहे.

ही पद्धत अभ्यासाचा विषय केली आर्या कास्तिनेन यांनी. जुन्या कारेलियन वादनावर त्यांनी सिबेलियस अकादमीत डॉक्टरेट केली. नळकांड्यांवरचे मुद्रण आणि वैसानेन यांच्या टिपणांवरून वादक फेरीमागून फेरी धून कशी बदलत नेई हे त्यांनी दाखवले आणि तसे दीर्घ, आयत्या वेळचे वादन स्वतः मैफिलीत केले. कागदावर जे निसटले होते, ते असे अंशतः पुन्हा हाती आले. दुसरीकडे पेर हेन्रिक नूर्दग्रेन यांच्यासारख्या रचनाकारांनी मोठ्या कान्तेलेसाठी पूर्ण लिहिलेले आधुनिक संगीत दिले, आणि हान्नु कोइस्तिनेन यांच्या कारखान्यातून विजेवर चालणारी कान्तेले निघू लागली.

संगणकाच्या काळात देवघेवीचे माध्यम पुन्हा बदलले. 1990 च्या दशकात क्रिस वॉलशॉ यांनी रोमन अक्षरांत धून लिहिण्याची एबीसी नावाची लिपी रूढ केली. साध्या मजकुरासारखी ती कुठेही पाठवता येते आणि पाच तारांची धून तिच्यात दोन ओळींत मावते. 2004 मध्ये युवास्क्युला विद्यापीठाने फिनलंडच्या लोकधुनांचा संगणकीय संग्रह खुला केला. साडेआठ हजारांहून अधिक सुरावटींच्या या संग्रहात वैसानेन यांनी टिपलेल्या कान्तेलेच्या चालीही आहेत. अमेरिकेतल्या फिनिश वंशाच्या कुटुंबांतले वादक आणि फिनलंडशी काहीच नाते नसलेले हौशी लोक त्या उतरवून घेतात आणि आपले बदल करून परत पाठवतात.

अशा देवाणघेवाणीला वाद्याची मर्यादाच उपयोगी पडते. 39 तारांसाठी लिहिलेली रचना वाजवायला तसे वाद्य, त्याच्या तरफा आणि काही वर्षांचे शिक्षण लागते. पाच तारांची धून आकड्यांत, अक्षरांत किंवा गुणगुणून कशीही दिली तरी घेणाऱ्याकडे ती पुरी पोचते. वादक सूर आपापल्या गळ्याप्रमाणे लावतात, म्हणून धुनेबरोबर सहसा मूळ पट्टी सांगतच नाहीत. कोणती तार पहिली आणि गांधार कोणता, एवढे सांगितले की पुरते.