भाकीत खरे करू पाहणारा गुरू

जगाचा अंत समीप आला आहे, असे सांगणारे पुरुष प्रत्येक युगात झाले. नेमलेला दिवस सुखरूप उलटला, की त्यांचे अनुयायी बहुधा पांगतात. परंतु प्रलयाची वाट न पाहता त्याची सामग्री स्वतःच जमविणारा एक गुरू जपानमध्ये निपजला. त्याचे नाव शोको आसाहारा.

१९५५ साली जन्मलेल्या आसाहाराची दृष्टी अधू होती. त्याचे शिक्षण अंधशाळेत झाले. विनापरवाना औषधे विकल्याबद्दल १९८२ मध्ये त्याला अटक झाली. १९८४ मध्ये त्याने टोकिओत योगाचा वर्ग काढला. पुढे हिमालयात आपणांस मोक्ष लाभल्याचे त्याने जाहीर केले, आणि १९८७ मध्ये त्याच्या पंथाने ‘ओम् शिनरिक्यो’ हे नाव धारण केले. भारतीयांना पूज्य असलेले अक्षर अशा रीतीने त्याच्या पाटीवर चढले.

आश्रमवासी होणाऱ्यास घरदार सोडून सर्वस्व गुरूस अर्पावे लागे. उपासमार, जागरण व कोंडून ठेवणे यांना तेथे साधना म्हणत. १९८९ मध्ये पंथ सोडू पाहणाऱ्या एका अनुयायाचा खून झाला. त्याच वर्षी, अनुयायांच्या आप्तांची बाजू घेणारे वकील त्सुत्सुमी साकामोतो यांना पत्नी व लहानग्या मुलासह ठार मारण्यात आले. घरात पंथाचे पदक सापडूनही कित्येक वर्षे तपास तडीस गेला नाही. धार्मिक संस्था म्हणून मिळालेली मान्यता पंथाची ढाल ठरली.

१९९० च्या निवडणुकीत त्याचे सर्व २५ उमेदवार पडले. मग उच्चविद्याविभूषित शिष्य सारिन हा विषारी वायू बनवू लागले. जून १९९४ मध्ये मात्सुमोतो शहरात त्याने आठ बळी घेतले. पोलिसांनी मात्र संशय घेतला तो स्वतः बाधित झालेल्या एका निरपराध रहिवाशाचा. २० मार्च १९९५ रोजी टोकिओच्या पाच भुयारी गाड्यांत तोच वायू सोडण्यात आला. त्यात अखेर १४ जण दगावले, हजारो बाधित झाले. वायू सोडणाऱ्यांत एक हृदयशल्यविशारदही होता.

आसाहारास ६ जुलै २०१८ रोजी फाशी झाली. विद्येने त्याच्या शिष्यांना तारले नाही, कारण शंका घेण्याचा अधिकार त्यांनी पहिल्याच दिवशी गुरुचरणी वाहिला होता. धर्मस्वातंत्र्य जपणाऱ्या शासनानेही श्रद्धेचा आदर करावा. परंतु बेपत्ता माणसाचा शोध आश्रमाच्या दाराशी थांबवू नये.