संगणक चेहरा वाचेल, दुखणं सांगावंच लागेल

चेहऱ्यावरून भावना ओळखायला संगणकाला कसं शिकवतात? त्याला हजारो चेहऱ्यांचे फोटो दाखवतात. प्रत्येक फोटोवर माणसांनीच लिहिलेलं असतं: हा रागावला, ही हसली. भुवया, डोळे, ओठ कसे हलले यावरून तो पुढच्या फोटोचा अंदाज बांधतो. चेहऱ्याच्या या हालचालींची पद्धतशीर यादी अमेरिकेत पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी १९७८ मध्ये छापली.

पण चेहरा म्हणजे मन नव्हे. २०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी आधीचे ढीगभर अभ्यास तपासले. रागावलेला माणूस आठ्या घालतोच असं नाही, आणि आठ्या दिसल्या म्हणजे रागच असंही नाही, असं त्यांना आढळलं.

वॉर्डात आम्ही हेच पाहिलं. कळा सोसणारी बाई ओठ मिटून पडते. 'ओरडत नाही, म्हणजे दुखत नाही' असं धरून तिच्याकडे सगळ्यात शेवटी जातात. हीच समजूत यंत्राला शिकवली, तर तीच चूक हजारो जणींच्या बाबतीत होईल.

युरोपीय संघाने २०२५ पासून कामाच्या जागी आणि शाळेत अशा यंत्रांवर बंदी घातली. वैद्यकीय वापराला मात्र सूट आहे. म्हणून बायांनो, दवाखान्यात सोसत बसू नका. कुठे दुखतं, किती, कधीपासून, ते तोंडाने सांगा.