लेखांक ९ : पंधरा मिनिटांचा निकाल

  सांगलीहून एका निवृत्त परिचारिकेचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेववेना. बाईंनी तीस वर्षं प्रसूतिगृहात काढली. त्या लिहितात, बाळ पोटातच गेलं असं कळलं की आई रडायच्या आधी विचारते, ‘माझ्याकडून काय झालं? परवा हंडा उचलला होता. पपई खाल्ली होती.’ आणि मग त्यांचा प्रश्न : ‘पण तुमच्या लेखातल्या, बाळ गेलं म्हणून खटले भरलेल्या अमेरिकी बायकांनी गरोदरपणी कोकेन घेतलं होतं. ते तर खरंच वाईट. मग त्यांना शिक्षा झाली तर बिघडलं कुठे?’

प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी एकच खटला नीट पाहू. मागे ओझरता उल्लेख केला होता तोच, अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातला.

साल १९९९. विशीतली, बेघर, कृष्णवर्णीय मुलगी. आठव्या-नवव्या महिन्यात तिला मेलेलं मूल झालं. शवविच्छेदनात बाळाच्या शरीरात कोकेनचा अंश सापडला, आणि सरकारी वकिलांना तेवढं पुरलं. या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये बाहेर जगू शकेल इतपत वाढलेल्या गर्भाला कायद्याने ‘मूल’ ठरवलं होतं. त्यामुळे तिच्यावर कलम लागलं ते बालछळातून मनुष्यवधाचं. तिने हे मुद्दाम केलं असं सरकारही म्हणत नव्हतं. पहिला खटला अर्धवट राहिला. दुसऱ्यात, २००१ च्या मे महिन्यात, ज्यूरी आत गेली आणि पंधरा मिनिटांत दोषी ठरवून बाहेर आली. शिक्षा वीस वर्षांची, त्यातली बारा प्रत्यक्ष भोगायची.

आता शवविच्छेदनाचा तोच कागद पुन्हा वाचा. गर्भाभोवतीच्या आवरणाला जंतुसंसर्ग होता. नाळेलाही सूज होती. संसर्गाने पोटातलं बाळ जाऊ शकतं, हे बाईंना मी काय सांगावं! शिवाय मेलेल्या बाळाचं पुरेपूर विच्छेदन करूनही कारण हाती न लागणं ही रोजची गोष्ट आहे. शरीरात एखादा पदार्थ सापडला म्हणून मृत्यू त्यानेच झाला असं होत नाही. दोन्हींच्या मधला दुवा सिद्ध करावा लागतो, आणि इथे तो ज्यूरीच्या मनात आधीपासूनच पक्का होता.

तो पक्का कोणी केला? १९८५ साली आयरा चॅस्नॉफ या डॉक्टरांनी कोकेन घेणाऱ्या अवघ्या २३ गरोदर बायकांवरचा एक प्राथमिक निबंध छापला. वर्तमानपत्रांनी तो उचलला, आणि ‘क्रॅक बेबी’ची, जन्मभरासाठी वाया गेलेल्या मुलांच्या आख्ख्या पिढीची, भीती देशभर पसरली. १९८९ मध्ये फिलाडेल्फियात हॅलम हर्ट या बालरोगतज्ज्ञ बाईंनी ही भीती तपासायला घेतली. २२४ बाळं, निम्म्यांच्या आयांनी गरोदरपणी कोकेन घेतलेलं, निम्म्यांच्या नाही, सगळी गरीब घरांतली. चौथ्या वर्षी बुद्ध्यंक मोजला तेव्हा कोकेनवाल्यांचा सरासरी ७९ आणि दुसऱ्या गटाचा जेमतेम ८२ निघाला. दोन्ही गट देशाच्या सरासरीच्या खाली. सातव्या वर्षापर्यंत यातल्या चारपैकी तीन मुलांनी गोळीबाराचा आवाज ऐकलेला होता. वीसेक वर्षं ही मुलं पाहिल्यावर हर्टबाईंचं म्हणणं झालं की कोकेनपेक्षा गरिबीनेच त्यांचं अधिक नुकसान केलं.

कोकेन निरुपद्रवी आहे असं यातून कोणी काढू नये. त्याने वार अवेळी सुटू शकते. म्हणून तर अशा बाईला डॉक्टरची गरज जास्त. पण डॉक्टरकडे गेलं की पुढे पोलीस येतात असं एकदा वस्तीत झालं, की तपासणीला कोण येईल? अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना याच कारणासाठी या खटल्यांच्या विरोधात आहे. माझंही मत तेच. व्यसनी गरोदर बाईला तुरुंगात टाकून एकही बाळ वाचत नाही.

२००८ च्या मे महिन्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तिची शिक्षा रद्द केली. तिच्या वकिलाने पहिल्या, अर्धवट राहिलेल्या खटल्यातली अनुकूल तज्ज्ञ साक्षीदार दुसऱ्या वेळी बोलावलीच नव्हती, आणि सरकारी तज्ज्ञांचं संशोधन जुनं झालं होतं. तंबाखू, निकस आहार आणि गरोदरपणी तपासणी न होणं यांच्याहून कोकेन गर्भाला जास्त घातक नाही असं नवे अभ्यास दाखवतात, याची नोंदही निकालात आहे.

म्हणजे निर्दोष सुटली? नाही. पुन्हा खटला उभा राहण्यापेक्षा तिने सौम्य मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला, आणि तोवर भोगलेला तुरुंगवास हीच शिक्षा धरून तिला सोडलं. तो गुन्हा तिच्या नावावर राहिला.

बाई, तुम्ही त्या आयांना काय उत्तर देत होता, ते मात्र पत्रात राहिलं. जरूर कळवा.