खोकताना लघवी सुटते, तेव्हा

शिंक आली, खळखळून हसू आले किंवा भरलेली बादली उचलली, की नकळत थोडी लघवी सुटते. अनेक स्त्रिया हे वर्षानुवर्षे कोणाला न सांगता सोसतात. लग्नकार्य टाळतात, प्रवासाआधी पाणी पीत नाहीत. घरच्यांना एवढेच दिसते, की आई हल्ली बाहेर पडत नाही. ‘वयोमानाने व्हायचेच’ हे उत्तर मात्र आपण स्वीकारू नये.

मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून तोलून धरणारी स्नायूंची एक झोळी माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत ताणलेली असते. बाळंतपणे, रजोनिवृत्ती, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, वाढलेले वजन यांनी ती सैलावते. मग पोटावर दाब येताच मूत्रमार्ग पुरेसा मिटत नाही.

या स्नायूंच्या व्यायामाला ‘केगल’ म्हणतात, ते अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांच्या नावावरून. १९४८ मध्ये त्यांनी तो मांडला. वायू आणि लघवी एकदमच रोखावी तसे स्नायू आत व वर ओढावेत, काही सेकंद धरावेत आणि पूर्ण सैल सोडावेत. असे एका वेळी आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडू नये, मांड्या आवळू नयेत.

ऐकायला सोपे, पण हे स्नायू डोळ्यांना दिसत नाहीत, आणि पुष्कळ जणी आवळण्याऐवजी खाली जोर देतात. म्हणूनच येथे जाणत्या फिजिओथेरपिस्टचा हात हवा. आपल्या संमतीने, हातमोजा घालून, योनिमार्गात बोट ठेवून आकुंचन नेमके कोठे होते हे ती तपासते, चुकल्यास हलक्या दाबाने योग्य जागा जाणवून देते, ताठरलेला स्नायू मोकळा करते. संकोच स्वाभाविक आहे. स्त्री थेरपिस्ट मागण्याचा, मध्येच ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार आपलाच. केवळ हाताच्या उपचाराने मात्र भागत नाही. मुख्य काम व्यायामाचेच.

खोकला येणार असे जाणवताच आधी आवळून घ्यावे. ही युक्ती लवकर उपयोगी पडते. एरवी निदान तीन महिने सराव हवा. लघवीची धार मध्येच रोखण्याची सवय मात्र लावू नये, पाणीही तोडू नये.

लघवीत रक्त, जळजळ, लघवी तुंबणे किंवा अंग खाली उतरल्यासारखे वाटणे, यांपैकी काही असल्यास व्यायामापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. सांभाळ करणाऱ्यांनी हा विषय चारचौघांत नव्हे, एकांतात काढावा, आणि पहिल्या तपासणीला सोबत जावे.