केंद्राध्यक्ष गुरुजी

पहाटे 4.45
20 नोव्हेंबर 2024. कर्जत-जामखेड मतदारसंघातल्या एका गावची झेडपीची शाळा. गुरुजी वर्गातल्या सतरंजीवरून उठतात. काल तालुक्याहून साहित्य घेऊन एसटीने आले आणि रात्र इथेच काढली. अंघोळ टाकीच्या गार पाण्याने. त्यांची स्वतःची शाळा दुसरीकडे आहे. इथे आज ते केंद्राध्यक्ष.

5.30
मॉक पोल. उमेदवारांचे प्रतिनिधी जांभया देत बाकावर बसलेत. निदान 50 मतं टाकायची, यंत्राचा आकडा व्हीव्हीपॅट यंत्रातून पडणाऱ्या चिठ्ठ्यांशी ताडून दाखवायचा, मग सगळं पुसायचं. चिठ्ठ्या शिक्का मारून काळ्या पाकिटात. त्यानंतर सीलबंदी: हिरवी कागदी पट्टी, दोरा, मेणबत्ती, लाख, पितळी मोहोर. लाख बोटावर ओघळते. गुरुजी बोट तोंडात घालतात आणि पुढची गाठ मारतात.

शाईची बाटली लवंडू नये म्हणून वाटीत वाळू भरून तिच्यात रोवली जाते. शाई म्हैसूरच्या कारखान्यातली.

7.00
रांगेत आधी म्हातारी माणसं. पहिला अधिकारी यादीतलं नाव मोठ्याने वाचतो. दुसरा सही घेतो, डाव्या तर्जनीला शाई लावतो. तिसरा कंट्रोल युनिटचं बटण दाबतो. आत लांब पीऽऽप. चिठ्ठी काचेत 7 सेकंद दिसते आणि खाली पडते.

“मावशी, ओळखपत्र?”
“आरं, आत्ता तर हातात व्हतं.”
कमरेच्या पिशवीतून निघतं. रांग थांबलेली.

खरी लढत दोघांत: रोहित पवार आणि प्रा. राम शिंदे. पण त्यांच्या नावांशी जुळणारी नावंही यंत्रावर आहेत. वर्गात दोन गणेश असले की हजेरीला वडिलांचं नाव लावावं लागतं, तसंच. इथे फोटो नि चिन्ह बघायचं. गुरुजींना ते सांगायची मुभा नाही.

9.00
पहिल्या दोन तासांचा आकडा कळवायचा. पुन्हा 11, 1, 3, 5 ला.

आता त्या ‘प्रा.’विषयी. राम शिंदे जामखेड तालुक्यातल्या चौंडीचे, म्हणजे अहिल्यादेवी होळकरांच्या जन्मगावचे. आधी प्राध्यापकी केली. गावचे सरपंच झाले. 2009 आणि 2014 ला आमदार. मग गृह राज्यमंत्री, जिल्ह्याचे पालकमंत्री, 2016 ला जलसंधारण खात्याचे कॅबिनेट मंत्री. 2019 ला रोहित पवारांकडून 43,347 मतांनी हरले. 2022 ला विधान परिषदेवर गेले. आज पुन्हा तोच मतदारसंघ, तोच प्रतिस्पर्धी. ‘प्रा.’ मात्र इतक्या वर्षांत नावापुढून हटला नाही.

अर्ज भरताना अनामत 10,000 रुपये. खर्चाची मर्यादा 40 लाख.

गुरुजींना नोकरी सोडल्याशिवाय उभं राहता येत नाही. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात तर त्यांना मतही नाही. राज्यघटनेच्या 171व्या कलमाने ते माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांपुरतं ठेवलं आहे. पहिलीला अ-आ शिकवणारा त्यात शिक्षक धरला जात नाही. मला हे कधीच पटलेलं नाही. गुरुजी यावर काही बोलत नाहीत. त्यांचं आजचं मत टपाली मतपत्रिकेवर आधीच पडलं आहे.

11.00
यादीत सलग काही नावांपुढे खूण होत नाही. ऊसतोडीची कुटुंबं. 15 नोव्हेंबरला गाळप सुरू झालं, घरांना कुलपं. एक पिकअप येते, दहाबारा जण उतरतात. गाडी कोणाची, हे विचारणं केंद्राध्यक्षाच्या कामात बसत नाही. केंद्राच्या अगदी जवळ आली नाही म्हणजे झालं.

1.30
जेवणाची सुट्टी नसते. एकेकाने उठायचं, पाच मिनिटांत यायचं. पोळी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. प्रतिनिधींकडून पाहुणचार घ्यायचा नाही. निवडणूक आयोगाचा तेव्हाचा दर: केंद्राध्यक्षाला दिवसाला 350, मतदान अधिकाऱ्याला 250, जेवणाचे 150.

3.00
ऊन. रांग तुटते. गुरुजी डायरी भरतात, पाकिटांवर नावं टाकून ठेवतात. रात्रीची घाई आत्ताच कमी होते, हे जुन्या माणसालाच कळतं.

5.00
शेतातून माणसं थेट येतात. पायाला माती, बायांच्या डोक्यावर पदर. रांग फाटकाबाहेर.

6.00
रांगेतल्यांना चिठ्ठ्या द्यायच्या. शेवटच्या माणसापासून सुरुवात, म्हणजे मागे कोणी घुसत नाही. अंधार पडल्यावर शेवटचा पीऽऽप वाजतो. ‘क्लोज’चं बटण. व्हीव्हीपॅटची बॅटरी काढायची. 17-सी हा मतांच्या हिशेबाचा नमुना प्रत्येक प्रतिनिधीला भरून, सही करून द्यायचा. पुन्हा लाख, पुन्हा मेणबत्ती.

रात्री 10.30
तालुक्याला मंडपात रांग. टेबलावरचा कारकून पाकिटं तपासतो. एक सही राहिली, तर पुन्हा मागे. पावती हातात पडली की गुरुजी सुटतात. पाठ ताठ झालेली, बोटाला फोड.

मतमोजणी 23 तारखेला झाली. रोहित पवार 1,243 मतांनी जिंकले. तेव्हा एका केंद्राच्या यादीत दीड हजारापर्यंत नावं असत. 19 डिसेंबरला नागपुरात प्रा. राम शिंदे विधान परिषदेचे सभापती झाले, बिनविरोध. केंद्राध्यक्षाचा 350 रुपयांचा दर आयोगाने ऑगस्ट 2025 मध्ये 500 केला.